कस्टमच्या लिलावातला परदेशी बेदाणा: बोली लावण्याआधी काय तपासायचं

न्हावा शेवा बंदरात अडकलेला परदेशी बेदाणा सरकार लिलावात काढतं तेव्हा त्याचा भाव तासगावच्या बेदाणा बाजारातल्या सौद्याशी ताडून पाहिला जातो आणि मोह होतो. पण लिलावातला भाव हा गोदामाच्या दारातला, न निवडलेल्या, पुन्हा न वाळवलेल्या आणि तक्रारीला जागा नसलेल्या मालाचा भाव असतो. तासगाव, सांगली, मिरज भागातल्या ज्या व्यापाऱ्यांना आणि शीतगृहवाल्यांना अशी बोली लावायची आहे त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. बागायतदारांनीही ते वाचावं, कारण हा माल कागदाविना इथल्या पेट्यांत मिसळला तर भाव त्यांचा पडतो.

आधी माल कोणत्या जातीचा ते ओळखा

बंदरावरून विक्रीला येणारा शेतमाल दोन वाटांनी येतो आणि दोन्हींचा विकणारा वेगळा असतो.

पहिली वाट जप्तीची. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ११० खाली अधिकारी माल जप्त करतात. जप्त झाला म्हणजे तो लगेच सरकारचा झाला असं नाही. आयातदाराला सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागते, मुदत आणखी सहा महिने वाढवता येते, मग सुनावणी होते आणि आदेश निघाला की कलम १२६ प्रमाणे माल सरकारजमा होतो. नाशवंत मालासाठी मात्र कलम ११० मध्येच आडवाट ठेवली आहे: यादी करून, दंडाधिकाऱ्यांकडून ती प्रमाणित करून आणि नमुने काढून निकालाआधीच माल विकता येतो. पुढं मूळ मालक खटला जिंकला तरी त्याचा हक्क विक्रीच्या पैशावर राहतो, तुम्ही रीतसर उचललेल्या पेट्यांवर नाही.

दुसरी वाट बेवारस मालाची. जहाजावरून उतरल्यापासून ३० दिवसांत आयातदारानं माल सोडवला नाही तर कलम ४८ खाली माल सांभाळणारी संस्था, म्हणजे बहुधा उरण-पनवेल पट्ट्यातलं कंटेनर फ्रेट स्टेशन (आयात कंटेनर ठेवण्याचं गोदाम), आयातदाराला नोटीस देऊन आणि कस्टमची परवानगी घेऊन तो विकू शकते. नाशवंत मालाला ३० दिवसांचीही अट नाही. इथं विकणारा गोदामवाला असतो. आलेल्या पैशातून कलम १५० च्या क्रमानं आधी विक्रीचा खर्च, मग जहाजभाडं, मग सरकारी शुल्क, मग गोदामाचं भाडं वळतं होतं आणि उरलं तर मालकाला जातं.

हा फरक नीट समजून घ्या. जप्तीच्या मालात काहीतरी खोटं होतं म्हणून तो पकडला गेला. बेवारस माल अनेकदा भाव पडल्यामुळं किंवा आयातदाराचे पैसे अडकल्यामुळं सोडून दिलेला असतो. गुणवत्तेचा धोका दोन्हीकडं आहे, पण बेवारस माल पत्र्याच्या कंटेनरमध्ये बरेच दिवस तापलेला असू शकतो.

का पकडला गेला, हे कळल्याशिवाय पुढं जाऊ नका

लिलावाच्या यादीत बहुतेक वेळा फक्त "बेदाणा, इतक्या पेट्या, इतके किलो" एवढंच असतं. कारण तुम्हाला विचारून काढावं लागतं, आणि मालाची लायकी त्या कारणावरच ठरते.

बेदाण्यावर मूळ आयात शुल्क १०० टक्के आहे. अफगाणिस्तानातला बेदाणा दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळं शुल्काविना येऊ शकतो. चोरवाट इथंच निघते: माल दुसऱ्याच देशाचा आणि मूळदेशाचा दाखला अफगाणिस्तानचा. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार नुसता दाखला पुरत नाही, माल खरोखर त्या देशात पिकला याची माहिती आयातदाराजवळ असावी लागते. ती नसली की सवलत जाते आणि माल अडकतो. अशा जप्तीत बेदाणा खायला उत्तम असू शकतो, खोट फक्त कागदात असते. किंमत कमी दाखवलेल्या मालाचंही तसंच. व्यापाऱ्यानं पाहण्यासारखे लॉट हेच.

दुसरी बाजू वनस्पती संगरोधाची, म्हणजे परदेशी कीड-रोग आत येऊ नये म्हणून होणाऱ्या तपासणीची. परदेशी शेतमालाला वनस्पती संगरोध आदेश २००३ लागू होतो. निर्यात करणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसेल, किंवा मालात जिवंत कीड सापडली, तर धुरी देऊन सोडायचा, परत पाठवायचा की नष्ट करायचा हे संगरोध अधिकारी ठरवतात. ज्या मालावर किडी-रोगाच्या भीतीनं बंदीच आहे, उदाहरणार्थ चिनी लसूण, तो पकडला गेला तर खाण्यासाठी लिलावात यायलाच नको. असा माल कुणी "लिलावातला" म्हणून दाखवत असेल तर तिथून निघा.

तिसरं कारण अन्नसुरक्षेचं. खाद्यमाल विक्रीला काढण्याआधी तो खाण्यालायक आहे असा अहवाल लागतो. अहवाल कोणत्या तारखेचा, नमुना कोणत्या पेट्यांतून घेतला आणि तेव्हापासून माल कुठं ठेवला होता, या तीन गोष्टी विचारा. आठ महिन्यांपूर्वीचा चांगला अहवाल उन्हाळाभर बंद कंटेनरमध्ये राहिलेल्या बेदाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

मिरी, सुपारी, सफरचंद यांत उतरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथं किमान आयात किंमत पाहायची. मिरीला किलोला ५०० रुपये, सुपारीला फेब्रुवारी २०२३ पासून ३५१ रुपये, सफरचंदाला मे २०२३ पासून ५० रुपये (भूतानचं सफरचंद सोडून) अशा मर्यादा घातल्या गेल्या. त्याखालच्या किमतीची आयात बंद. या अधिसूचना बदलत राहतात, म्हणून परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर त्या त्या दिवशीची स्थिती पाहूनच हिशेब मांडा.

नोंदणी आणि बयाणा

कस्टमचे लिलाव मुख्यतः एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतात. खरेदीदार म्हणून नोंदणीला पॅन, जीएसटी क्रमांक, बँक खात्याचा पुरावा आणि डिजिटल सही लागते. पॅनवरचं, जीएसटीवरचं आणि बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. भागीदारी पेढीचं नाव एकीकडं "आणि कंपनी" आणि दुसरीकडं "अँड कं." असलं तरी अर्ज अडतो आणि तोवर लिलाव उरकतो. खाद्यमाल साठवायचा-विकायचा तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवानाही चालू असला पाहिजे, आणि त्यात साठवणुकीचा पत्ता तोच असावा जिथं माल उतरणार आहे.

बयाणा, म्हणजे अनामत रक्कम, बोलीआधी भरावा लागतो. बोली राखीव (विभागानं आधी ठरवलेल्या किमान) किमतीखाली थांबली तर ती "मंजुरीच्या अधीन" राहते. विभाग ती मान्य करील किंवा नाकारील, आणि निर्णय होईपर्यंत तुमचा पैसा तिथं अडकलेला असतो. शेवटच्या क्षणी बोली लागली की वेळ काही मिनिटांनी वाढतो. म्हणून शेवटच्या सेकंदाची चलाखी इथं चालत नाही. वरची मर्यादा आधी कागदावर लिहा आणि तिथं थांबा.

लॉट ऐनवेळी मागं घेतला जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. माल सरकारजमा करण्याऐवजी दंड भरून तो सोडवून घेण्याचा पर्याय कलम १२५ खाली मालकाला दिला जाऊ शकतो, आणि तो दंड १२० दिवसांत भरायचा असतो. मालकानं पैसे भरले, किंवा न्यायालयाची स्थगिती आली, की लिलाव थांबला. त्यामुळं पुढच्या सणाचा माल याच लॉटवर विसंबून कुणाला कबूल करू नका.

व्हॉट्सअॅपवर "कस्टमचा बेदाणा, आज पैसे टाका, उद्या गाडी" असे संदेश फिरतात. सरकारी विक्रीत पैसा कुणाच्या खाजगी खात्यावर जात नाही आणि लॉट क्रमांकाशिवाय माल विकला जात नाही. लॉट क्रमांक मागा, तो संकेतस्थळावर स्वतः शोधा. सापडला नाही तर विषय संपला.

पाहणी: सगळा नफा-तोटा इथं ठरतो

विक्री "जसा आहे, जिथे आहे" या अटीवर असते. माल उचलल्यावर ओल निघाली, अळी निघाली, पेट्या कमी भरल्या, तरी दाद नाही. म्हणून पाहणीच्या दिवसासाठी सांगलीहून जवळपास चारशे किलोमीटर जाऊन येण्याचा खर्च वाचवायचा नाही. बेदाणा निवडण्याची नजर असलेला माणूस सोबत न्या.

सोबत काय घ्यायचं: टॉर्च, भिंग, ५०० ग्रॅमपर्यंत तोलणारा छोटा काटा, १० किलोची पेटी तोलता येईल असा लटकता काटा, झिप असलेल्या जाड पिशव्या, न पुसली जाणारी शाई, पांढरं कापड. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर आणा, पण यंत्राचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी आधी घरच्या मालावर जुळवून घ्या.

कंटेनर धुरी दिलेला असू शकतो. दार उघडल्याबरोबर आत डोकं घालायचं नाही. धुरीची तारीख विचारा, दोन्ही पल्ले पूर्ण उघडून हवा खेळू द्या, आणि गोदामाचा माणूस "आता चला" म्हणाल्यावरच आत जा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची राखाडी पूड किंवा गोळ्यांची पाकिटं दिसली तर हात लावू नका.

दाराजवळच्या पेट्या पाहून मत बनवणं ही सगळ्यात महागडी चूक आहे. रात्री कंटेनरचं छत गार पडतं, आतल्या हवेतली वाफ छताला धरते आणि वरच्या थरावर ठिबकते. त्यामुळं सगळ्यात वरचा थर आणि भिंतीला टेकलेल्या पेट्या ओल्या होतात, मधल्या कोरड्या राहतात. खालच्या थरावर दाब पडून बेदाण्याचा गोळा झालेला असतो. नमुना काढताना वर, मध्ये, खाली आणि दार, मध्य, शेवट अशा नऊ जागा धरा. किती पेट्या उघडायच्या याला सोपा आडाखा म्हणजे एकूण पेट्यांचं वर्गमूळ: २,००० पेट्या असतील तर ४५. इतक्या उघडू देत नसतील तर किती उघडू दिल्या ते लिहून ठेवा आणि बोली त्या प्रमाणात खाली आणा.

प्रत्येक उघडलेल्या पेटीत हे पाहा:

- वास. आंबूस किंवा दारूसारखा वास म्हणजे आंबायला सुरुवात झाली. हा माल धुऊन सुधारत नाही. गंधकाचा झोंबणारा वास असेल तर गंधक-अंशाची चाचणी केल्याशिवाय बोली नको.
- मूठ. मूठभर बेदाणा पाच सेकंद दाबून सोडा. मोकळा झाला तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे.
- साखर. दाण्यावर पांढरे खडे दिसले तर साखर बाहेर आली आहे. जुन्या आणि गार-गरम झालेल्या मालाची ही खूण. तो खाता येतो, पण चांगल्या हिरव्या-पिवळ्या बेदाण्याच्या भावात विकला जात नाही, बेकरीला जातो.
- जाळी. दाण्यांना गुंफणारे बारीक धागे म्हणजे पतंगाची अळी. पांढऱ्या कापडावर पेटी झटका, दोन मिनिटं उन्हात ठेवा. जिवंत काही हललं तर पूर्ण लॉट बाधित धरा, ती एक पेटी नव्हे.
- काडी, देठ, खडा. अर्धा किलो निवडून काड्या-खडे-डागी दाणे वेगळे तोला. टक्केवारी काढा, डोळ्यांनी अंदाज नको.
- पेटीवरचा मजकूर. देश, पॅकिंगची तारीख, वापरायची मुदत. लेबल खरवडलेलं किंवा लेबलवर लेबल डकवलेलं असेल तर फोटो काढा.

नऊ जागांचा एकत्र नमुना किमान एक किलो घ्या (परवानगी लेखी घ्या), मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ओलावा, गंधक-अंश, बुरशीजन्य विष आणि कीटकनाशक अंश तपासून घ्या. भारतीय अन्न मानकांत बेदाण्याच्या ओलाव्याची मर्यादा १५ टक्के आहे.

वजनाचा आणि पैशाचा हिशेब

पंचनाम्यातलं वजन जप्तीच्या दिवसाचं असतं. त्यानंतर महिने गेले, माल सुकला किंवा ओल धरून बसला. लॉट ठोक विकला जातोय की उचललेल्या वजनावर, हे अटींत पाहा. ठोक असेल तर तूट तुमच्या माथी.

ओलाव्याची घट अंदाजानं धरू नका, मांडा. १८,००० किलो माल १८ टक्के ओलाव्याचा आहे. त्यात कोरडा भाग ८२ टक्के, म्हणजे १४,७६० किलो. तो १५ टक्क्यांवर आणला की १४,७६० भागिले ०.८५, म्हणजे सुमारे १७,३६५ किलो. ६३५ किलो वाफ होऊन गेली, साडेतीन टक्के. निवडणीत मूळ वजनाच्या ६ टक्के, म्हणजे १,०८० किलो गेले असं धरू. विकायला उरले १६,२८५ किलो.

आता पैसा. हे दर फक्त रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत, तुमचे दर तुम्ही घाला. बोली किलोला १२० रुपये: २१,६०,००० रुपये. चढाई-उतराई आणि गाडीभाडं ४ रुपयांनी ७२,०००. वाळवण, धुणं, निवडणी आणि नव्या पेट्या ८ रुपयांनी १,४४,०००. शीतगृह ५४,०००, तपासणी आणि फेऱ्या १८,०००, व्याज ३६,०००. बेरीज २४,८४,००० रुपये. भागिले १६,२८५ केलं की किलोला साधारण १५२ रुपये ५० पैसे पडतात. १२० चा बेदाणा १५२ ला पडला, आणि यात अडत, तोलाई, नफा काहीच नाही.

जीएसटी वेगळा. केंद्र सरकार सरकारजमा माल नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकतं तेव्हा कर उलट आकारणीनं खरेदीदारानं भरायचा असतो; १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेपासून ही रीत आहे. बेदाण्याला ५ टक्के धरले तर वरच्या उदाहरणात १,०८,००० रुपये. हा कर क्रेडिट खात्यातून (खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या जमेतून) भरता येत नाही, रोख भरावा लागतो, आणि भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं. म्हणजे तोटा नाही, पण पैसा काही आठवडे बांधला जातो. बेवारस मालाच्या विक्रीत कराची आणि शुल्काची मांडणी निराळी असते, ती निविदेच्या अटींत शब्दशः वाचा आणि कर सल्लागाराला दाखवा. शेतकऱ्यानं स्वतःचा बेदाणा विकला तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं. लिलावातला माल शेतकऱ्याच्या नावानं सौद्याला लावला तर करचुकवेगिरी होते, आणि ज्याचं नाव वापरलं तो शेतकरीही अडकतो.

माल उचलणं आणि ठेवणं

बोली मंजूर झाल्यावर उरलेली रक्कम भरायची मुदत थोडी असते. ती चुकली की बयाणा जप्त. पैसे भरल्यावर माल देण्याचा आदेश मिळतो, त्यात उचलण्याची शेवटची तारीख असते आणि त्यानंतर गोदामभाडं दिवसागणिक चढतं. गाडी आधी ठरवा, पण आदेश हातात पडेपर्यंत सांगलीहून निघू देऊ नका. बंदर भागात उभ्या गाडीचा खोळंबा महागात जातो.

भरताना प्रत्येक पेटी तोलणं शक्य नसतं. रिकामी आणि भरलेली गाडी काट्यावर घ्या, दोन्ही पावत्या ठेवा. ओल्या, फुटलेल्या आणि जाळी धरलेल्या पेट्या वेगळ्या लावा, कोरड्यांवर रचू नका. ताडपत्रीखाली वारा खेळायला फट ठेवा. ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) निघाल्याशिवाय गाडी गेटबाहेर नको.

इथं आल्यावर माल थेट शीतगृहात कोंबायचा नाही. आधी वेगळ्या शेडमध्ये उतरवून निवडा, कीड असेल तर परवानाधारक माणसाकडून धुरी द्या. घरच्या बेदाण्याच्या खोलीत किडका लॉट ठेवला तर पतंग आठ-पंधरा दिवसांत बाजूच्या पेट्यांत पोचतो आणि मग शीतगृहातल्या दुसऱ्यांच्या मालाची भरपाई तुमच्याकडं मागितली जाते.

विक्री आदेश, पैसे भरल्याची पावती, माल देण्याचा आदेश, गेटपास, काट्याच्या पावत्या, खाण्यालायक असल्याचा अहवाल, ई-वे बिल: लॉटवार एक फाईल करा आणि शेवटची पेटी विकली तरी ती ठेवा. रस्त्यात किंवा गोदामात तपासणी झाली तर हा तस्करीचा माल नाही हे दाखवायला दुसरं काही नसतं. पुन्हा पॅक करताना लेबलवर मूळ देश आणि पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता लिहा.

आणि तो सांगलीचा बेदाणा म्हणून विकू नका. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. खोटं मानांकन लावल्यास कायद्यात किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. मिसळ केलेली पेटी हातात घेणारा गिऱ्हाईक पुन्हा सांगलीचं नाव घेत नाही, आणि ते नाव शेडवर रात्री जागणाऱ्या माणसांनी कमावलं आहे.

बाजारात संशयास्पद माल दिसला तर

बागायतदारांनी आणि अडत्यांनी स्वतः गाडी अडवू नये, पेट्या फोडू नयेत. त्यानं पुरावा बिघडतो आणि गुन्हा तुमच्यावरच येतो. नोंदी मात्र नीट घ्या: गाडीचा क्रमांक, उतरवल्याची जागा आणि वेळ, पेटीवरचा मजकूर किंवा खरवडलेल्या लेबलची खूण, बिलाची प्रत मिळाली तर ती. कंटेनर असेल तर त्याचा क्रमांक: चार अक्षरं, मग सात आकडे, आणि चौथं अक्षर बहुधा इंग्रजी यू. त्या एका क्रमांकावरून कंटेनर कोणत्या बंदरात, कुणाच्या नावानं आणि काय म्हणून उतरला हे अधिकाऱ्यांना काढता येतं.

तक्रार महसूल गुप्तचर संचालनालयाकडं, म्हणजे डीआरआयकडं, किंवा पुण्या-मुंबईच्या कस्टम कार्यालयाकडं करता येते. खबर देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं आणि सरकारच्या धोरणानुसार वसुलीच्या २० टक्क्यांपर्यंत बक्षीसही मिळू शकतं. "बाजारात चिनी माल आला आहे" एवढ्या वाक्यावर कुणी हलत नाही. क्रमांक, तारीख, जागा दिली की काम सुरू होतं. भेसळीचा किंवा लेबलचा प्रश्न असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.